मदत हवी आहे: टॉवरला ‘नाही जमणार’ हे रेडिओवर कसं सांगायचं?

नमस्कार मंडळी,

मी कॅलिफोर्नियात, बे एरियात राहते आणि खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी सेस्ना १७२ वर शिकते आहे. विमान आता हातात बसायला लागलंय, लँडिंगही बरी होतात. अडतंय ते रेडिओवर, कंट्रोल टॉवरशी बोलताना. पहिली सोलो (प्रशिक्षकाशिवाय एकटीने उड्डाण) जवळ आली आहे, म्हणून इथे विचारते. विमानतळाचं नाव देत नाही.

आमच्याकडे दोन समांतर धावपट्ट्या आहेत आणि सुट्टीच्या दिवशी सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेरीत) खूप गर्दी असते. डाउनविंडवर, म्हणजे धावपट्टीला समांतर पण उतरण्याच्या उलट दिशेने जाताना, एका दमात ऐकू येतं: उजवीऐवजी डावी धावपट्टी घ्या, फायनलवरच्या (उतरायला सरळ येणाऱ्या) सेस्नाच्या मागे राहा, बेसवर (फायनलच्या आधीच्या आडव्या टप्प्यावर) कधी वळायचं ते मी सांगेन. शब्द सगळे कळतात. पण ते दुसरं विमान अजून दिसलेलं नसतं, वेग आणि उंची सांभाळायची असते आणि रीडबॅक (सूचना परत म्हणून दाखवणं) लगेच द्यायचा असतो. आत्तापर्यंत अशा वेळी प्रशिक्षक स्वतःच उत्तर देऊन टाकतात. सोलोला ते शेजारी नसणार.

इंग्रजीचा प्रश्न नाही, दिवसभर ऑफिसात तीच बोलते. टॉवरमधून आलेला शब्द मला हुकुमासारखा वाटतो, ही खरी अडचण आहे. ‘से अगेन’ (पुन्हा सांगा) म्हणायला जीभ रेटत नाही, मग ‘अनेबल’ (जमणार नाही) तर लांबच. मोठ्यांना उलटून बोलू नये या वळणात वाढलेल्या इतरांनाही हे जाणवतं का?

नुसती भीड असती तर धागा काढला नसता. ९ जून २०१६ ला ह्यूस्टनच्या हॉबी विमानतळावर एक सिरस एसआर२० हे छोटं विमान कोसळलं आणि आतले तिघेही गेले. मोठ्या जेट विमानांच्या गर्दीत त्या वैमानिक बाईंना पुन्हा पुन्हा गो अराउंड (न उतरता परत वर जाणं) करावं लागलं, धावपट्टी बदलून मिळाली, सूचनांमागून सूचना येत राहिल्या. शेवटच्या गो अराउंडमध्ये पुरेसा वेग नसताना फ्लॅप (पंखांचे कमी वेगात आधार देणारे हलते भाग) वर घेतले गेले आणि विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांचा उचल देणारा आधार सुटला. एनटीएसबीच्या (अमेरिकेच्या अपघात तपास संस्थेच्या) अहवालात टॉवरचा त्यांना सर्किटमध्येच ठेवण्याचा निर्णय आणि ऐन मोक्याच्या क्षणी दिलेली विनाकारण गुंतागुंतीची सूचना, हेही कारणांत धरलंय. सोबत, वैमानिकाने ठामपणे बोलायला हवं होतं, ते झालं नाही, असंही नोंदवलंय. हे वाचल्यापासून ते डोक्यातून जात नाही. त्या बाई प्रत्येक वेळी सौजन्याने ‘हो’ म्हणत राहिल्या असणार, आणि मीही तेच केलं असतं असं वाटतं.

तर जाणकारांनी सांगावं: नेमकं कोणत्या शब्दांत बोलता? घरी सराव कसा करता? आणि टॉवरने नुसतं ‘स्टँडबाय’ म्हटलं तर त्यांच्या हद्दीत शिरायचं की बाहेर घिरट्या घालायच्या?

प्रतिसाद – निळीवाट

ताई, आधी शेवटचं. क्लास सी आणि डी मध्ये (विमानतळांभोवतीच्या हवाई हद्दीचे प्रकार) टॉवरने तुमचं कॉलसाइन (विमानाचं रेडिओवरचं नाव) उच्चारून ‘स्टँडबाय’ म्हटलं की संपर्क झाला, आत जाता येतं. कॉलसाइन न घेता ‘विमान, स्टँडबाय’ एवढंच आलं तर बाहेरच थांबा. क्लास बी ला (सर्वांत गजबजलेल्या विमानतळांची हद्द) हे लागू नाही, तिथे स्पष्ट ‘क्लिअर्ड’ ऐकल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही.

आता मुख्य मुद्दा. पहिल्या कॉलमध्येच ‘स्टुडंट पायलट’ म्हणा. एफएएची (अमेरिकेच्या विमानवाहतूक नियामकाची) तशी शिफारसच आहे आणि त्या दोन शब्दांनी समोरच्याचा वेग खरंच उतरतो. आणि एफएएचा नियम ९१.१२३ वाचा: सूचनेबद्दल शंका असेल तर वैमानिकाने ताबडतोब खुलासा मागायचा आहे. म्हणजे ‘से अगेन’ विचारणं हे तुमचं काम आहे, कुणाची मेहरबानी नाही. विमानाबाबतचा अंतिम अधिकारही, ९१.३ प्रमाणे, आत बसलेल्या वैमानिकाचाच.

शब्द म्हणाल तर आधी ‘अनेबल’ आणि कॉलसाइन, बस. कारण नंतर, वेळ मिळाला तर. आपल्याला आधी कारण सांगायची सवय असते आणि तेवढ्यात फ्रिक्वेन्सी अडकते. विमान दिसत नसेल तर ‘निगेटिव्ह कॉन्टॅक्ट’. आणखी एक, आपण ‘डबल फाइव्ह’ म्हणतो तसं रेडिओवर नको, प्रत्येक आकडा सुटा.

प्रतिसाद – जुनाटॉवर

मी भारतात बरीच वर्षं कंट्रोलर होतो, आता निवृत्त. आमच्या बाजूने सांगतो. टॉवरमधून तुमचं विमान दिसतं, तुमचं डोकं दिसत नाही. रीडबॅक बरोबर आला की आम्ही गृहीत धरतो की समजलं, आणि पुढच्या विमानाकडे वळतो. म्हणून न समजता केलेला अचूक रीडबॅक सगळ्यात घातक. ‘अनेबल’ ऐकून कंट्रोलरला राग येत नाही, तो दुसरा पर्याय देतो. गर्दीत कुणाचा आवाज चढला तरी तो मनाला लावून घेऊ नका.

अनुभवी लोकांचंही असं होतं. २५ जानेवारी १९९० ला आव्हिआंकाचं बोइंग ७०७ न्यूयॉर्कजवळ इंधन संपून पडलं, १५८ पैकी ७३ जण गेले. वैमानिकांनी ‘प्रायॉरिटी’ मागितली, इंधन संपत आल्याचंही सांगितलं, पण ‘इमर्जन्सी’ हा शब्द शेवटपर्यंत उच्चारला नाही. त्या शब्दाने टॉवरमधली सगळी चक्रं फिरतात. गरज पडली तर संकोच न करता वापरा, मुली.

सरावासाठी प्रशिक्षकांना सांगा की धोका नसेल तोवर माइकला हात लावायचा नाही. आणि विमानतळावर फोन करून टॉवर बघायला जाता येईल का विचारा. चेहरे पाहिले की भीड बरीच कमी होते.

धागालेखिका

दोघांचेही मनापासून आभार. काका, ‘न समजता केलेला अचूक रीडबॅक’ हे अगदी वर्मावर बसलं, मी नेमकं तेच करायला शिकत होते. अजून एक भीती: काही चुकलं तर टॉवरवाले ‘या नंबरवर फोन करा’ म्हणतात, त्याने परवाना जातो का?

प्रतिसाद – निळीवाट

सहसा नाही. फोन शांतपणे करा. आणि नासाकडे एएसआरएस (उड्डाणातल्या चुका स्वतःहून कळवण्याची व्यवस्था) अहवाल १० दिवसांच्या आत भरा. ही व्यवस्था १९७६ पासून आहे. चूक जाणूनबुजून केलेली नसेल आणि गुन्हा वा अपघात नसेल, तर सहसा दंड किंवा निलंबन लादलं जात नाही. एफएएचाही २०१५ पासून कल शिक्षेपेक्षा सुधारणेकडे आहे. पण या भीतीने गप्प बसू नका, गप्प बसण्यानेच त्या फोनची वेळ येते.

धागालेखिका

प्रशिक्षकांशी बोलले, पुढच्या धड्यापासून माइक पूर्ण माझ्याकडे. टॉवर भेटीसाठीही फोन करते. कुणी फोनवर कंट्रोलर होऊन मला भराभर सूचना द्यायला तयार असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पॅसिफिक वेळेनुसार रात्री आठनंतर मी मोकळी असते.