विडाल ससूनचा फाइव्ह-पॉइंट कट: मानेवरची टोकं बाहेर वळतात, चुकतंय कुठे?

बारीक_कंगवा

साठच्या दशकावर बेतलेलं फॅशन शूट आहे आणि त्यासाठी ब्रिटिश हेअरड्रेसर विडाल ससूनचा फाइव्ह-पॉइंट कट (मानेवर तीन टोकं, दोन्ही कानांपुढे एकेक) हवाय. विग नको असं ठरलंय, मॉडेल केस कापायला तयार आहे. सरावाच्या पुतळ्यावर कट बरा आला. पण खऱ्या डोक्यावर, सरळ, जाड, जरा राठ केसांवर, घोळ झाला. ओला असताना मानेवरच्या तीन टोकांचा डब्ल्यू आखल्यासारखा दिसत होता. ड्रायर फिरवल्यावर मधलं टोक उजवीकडे सरकलं, बाजूची दोन बाहेर वळली आणि फ्रिंज (कपाळावरचे आखूड केस) भुवयांच्या वर एक सेंटिमीटर चढली. शूटच्या मॉडेलचेही केस याच जातीचे आहेत, शिवाय मानेवर उजवीकडे वळणारा भोवरा आहे.

प्रश्न असे: ओल्यात कापायचं की कोरड्यात? टोकांची लांबी किती ठेवायची? टोकं हलकी करायला थिनिंग कात्री मारली होती, ती बरोबर का? संदर्भाला दोन फोटो आहेत, एक मॉडेल ग्रेस कॉडिंग्टनचा आणि दुसरा मागून आखूड, पुढे हनुवटीपर्यंत लांब असा.

कात्रीची_धार

थिनिंग कात्री आधी बाजूला ठेवा. अर्धा घोळ तिचाच आहे. या कटमधलं टोक खाली बसतं ते सगळे केस एका रेषेत संपतात म्हणून. त्या वजनानेच ते दबलेलं राहतं. थिनिंग मारली की आत आखूड खुंट उरतात आणि राठ केसांचे खुंट वरच्या लांब केसांना बाहेर ढकलतात. मऊ केसांत हे खपून जातं, राठ केसांत नाही.

पुतळ्यावर जमलं आणि डोक्यावर बिघडलं, यातही नवल नाही. पुतळ्याचे केस बसवलेले असतात, बहुतेक एकाच दिशेने. खऱ्या मानेवर डावीकडचे केस मध्याकडे येतात, उजवीकडचे वर चढतात, मध्येच भोवरा असतो. म्हणून केस धुण्याआधी, कोरडे असतानाच, मानेवरचे केस कंगव्याने वर घ्या आणि सोडून द्या. कुठे पडतात ते नीट बघा. ओल्या केसांत हे कळत नाही, पाणी सगळं झाकून टाकतं.

आता टोकांची लांबी. टोक जर केसांच्या सीमेवरच्या शेवटच्या सेंटिमीटरभर पट्ट्यातूनच काढलं, तर ते केस इतके आखूड होतात की स्वतःच्या ताठपणानेच उभे राहतात. टोकाचे केस सीमेपासून दोन-तीन सेंटिमीटर वर उगवलेले हवेत आणि मुळापासून टोकापर्यंत निदान तीन-चार सेंटिमीटर लांब. खालचा पट्टा त्यांच्याखाली झाकला जातो. भोवऱ्याचे केस त्याच पट्ट्यात असतील तर ते ट्रिमरने अगदी बारीक करा, म्हणजे वरच्यांना ढकलायला काही उरत नाही.

कापण्याचा क्रम असा. माथ्यापासून मानेपर्यंत मधोमध भांग. डोक्याच्या मागच्या हाडाखालून तिरके, साधारण एक सेंटिमीटर जाडीचे सेक्शन, म्हणजे केसांचे वेगळे केलेले थर. सगळ्यात खालचा सेक्शन बोटांत धरायचा नाही. तो कंगव्याने कातडीवर सपाट बसवायचा आणि तिथेच, हव्या त्या रेषेच्या दीड-दोन सेंटिमीटर खाली, सरळ कापायचा. ही फक्त कच्ची कड. टोकं यातून नंतर निघतात.

वरचे सेक्शन एक-एक बोट उचलून कापा, त्याहून जास्त नाही. इथेच बरेच जण फसतात. ग्रॅज्युएशन (खालून वर लांब होत जाणारे थर) छान दिसावं म्हणून ४५ अंशांपर्यंत उचलतात, मग वजन वर हाडापाशी जमतं आणि खाली टोकांवर दाबायला काहीच राहत नाही. तुमची बाजूची टोकं बाहेर वळली, त्याला थिनिंगच्या जोडीला हेही कारण असण्याची दाट शक्यता आहे.

डब्ल्यू काढताना आधी तीन टोकांच्या जागा ठरवा: एक मणक्याच्या रेषेत, दोन कानांमागच्या हाडांच्या आतल्या बाजूला. कात्री टोकाकडून दोन टोकांमधल्या खाचेकडे न्या. खाचेपासून सुरुवात केली तर जरा चुकलं की टोकाची जागाच सरकते. खाचेत कात्री पूर्ण मिटायची नाही, शेवटचे चार-पाच केस कात्रीच्या अग्राने एकेक करून घ्यायचे, नाहीतर तिथे चौकोनी चावा दिसतो. मॉडेलची मान फार वाकवू नका. वाकवून आखलेली रेषा मान सरळ झाली की खाली उतरते आणि दोन थरांत फुटते. कातडी जेमतेम ताणली जाईल इतकीच वाकवा आणि प्रत्येक खाच कापून झाली की सरळ बसवून बघा.

जुनी_फ्रिंज

दुसरा फोटो फाइव्ह-पॉइंटचा नाही हो. मागून आखूड आणि पुढे हनुवटीकडे उतरणारा म्हणजे अभिनेत्री नॅन्सी क्वानचा बॉब, १९६३ चा, छायाचित्रकार टेरेन्स डोनोव्हनच्या फोटोमुळे गाजलेला. फाइव्ह-पॉइंट १९६४ चा, कॉडिंग्टनवर केलेला: मानेवर तीन टोकं, दोन्ही कानांपुढे एकेक. डिझायनर रूडी गर्नराइकची मॉडेल पेगी मॉफिट हिनेही तो मिरवला, तिचे बाजूचे फोटो शोधा. कानापुढचं टोक त्यांत स्पष्ट कळतं. दोन्ही फोटो समोर ठेवून कापलंत तर धड ना हा ना तो असं काहीतरी होईल.

आणि ससूनचा मुद्दाच हा होता की आकार कापण्यातून यावा. त्याआधी बायका आठवड्याला सलूनमध्ये जाऊन रोलर, पिंजणं आणि स्प्रे यांवर केस उभे करून घेत. तेव्हा शूटच्या दिवशी स्प्रेचा डबा रिकामा करून टोकं चिकटवणार असाल तर विगच बरा.

बारीक_कंगवा

फोटोचा गोंधळ आता कळला, आभार. कानापुढची टोकं आणि फ्रिंज यांबद्दल कोणी सांगेल का? एका ओळखीच्या हेअरड्रेसरचं म्हणणं, सगळं कोरड्यातच काप.

सरळ_भांग

सगळं कोरड्यात नको. राठ, जाड केस कोरडे असताना कंगव्याखाली एकसारखे बसत नाहीत, कडा करवतीसारखी होते. आकार ओल्यात काढायचा आणि शेवटचे पाच-सात मिलिमीटर वाळवल्यावर. निरोगी ओला केस त्याच्या लांबीच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ताणला जाऊ शकतो. बोटांत घट्ट धरून कापलेली फ्रिंज वाळल्यावर वर चढते ती त्यामुळेच. फ्रिंजला बोटं लावूच नका. रुंद दातांच्या कंगव्याने केस नुसते खाली सोडा आणि ओल्यात डोळ्यांच्या मध्यावर कापा. भुवईपर्यंत नंतर, कोरड्यात. कपाळावर भोवरा असेल तर त्या जागी आणखी तीन-चार मिलिमीटर ठेवा.

कान ही वेगळीच भानगड आहे. कानाची कड केसांना बाहेर उचलते, म्हणून ताणून कापलेले केस सुटले की कानावर पायरी दिसते. कंगवा कानावरून हलक्या हाताने न्या, बोटाने कान जरा दाबा, केस सैल पडू द्या आणि मगच कापा. पुढचं टोक कल्ल्याच्या केसांतून काढू नका. तिथे केस विरळ असतात, टोकातून कातडी दिसते आणि कॅमेऱ्याच्या प्रकाशात तर टोक गायबच होतं. कानशिलावरचे केस पुढे-खाली आणून त्यांचं टोक करा, कल्ले त्याच्या आत दडवा.

दोन्ही बाजूंचं माप कानावरून घेऊ नका. बहुतेकांचा एक कान जरा वर असतो. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून कंगव्याने माप घ्या आणि समोर आरशात बघून नक्की करा.

वाळवणं हा या कटचा अर्धा जीव आहे. केस पूर्ण ओले असतानाच मानेपासून सुरुवात करा. मूळ एकदा आपल्या मर्जीने वाळलं की मग ते वळत नाही. ड्रायरला नोझल लावा, हवा मुळाकडून टोकाकडे. सपाट ब्रशने केस आधी पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे, असं पाच-सहा वेळा, मूळ कोरडं होईपर्यंत. भोवऱ्याचा जोर यात बराच मोडतो. शेवटी थंड हवा. गोल ब्रश अजिबात नको, तो टोकांना वळण देतो आणि मग आपण कात्रीला दोष देत बसतो.

कात्रीची_धार

वरच्या सगळ्याला दुजोरा. एक राहिलं. एवढं करूनही मधलं टोक उजवीकडे जात असेल तर ते मधोमध आणायला टोक आणखी आखूड करू नका, भोवरा आणखी वरचढ होतो. टोकाच्या डाव्या बाजूची तिरकी रेषा जरा उभी करा आणि तिकडचे दोन-तीन मिलिमीटर केस राखा. म्हणजे केस उजवीकडे झुकले तरी नजरेला टोक मध्यावर दिसतं. रेषा कागदावर सारख्या नसतील, मानेवर सारख्या दिसतात.

जुनी_फ्रिंज

वेळेचंही बघा. केस महिन्याला एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे आठवड्याला साधारण तीन मिलिमीटर. बॉबमध्ये एवढं कळत नाही, पण या डब्ल्यूच्या खाचा तेवढ्यानेच भरायला लागतात. कट शूटच्या दोन-तीन दिवस आधी करा, म्हणजे केस एकदा धुऊन कुठे बसतात तेही कळेल. कोरड्यातली शेवटची दुरुस्ती आदल्या दिवशी. खाचांमधली लव त्या सकाळी ट्रिमरने काढा. वस्तरा नको, मान लाल पडते आणि मागून घेतलेल्या क्लोजअपमध्ये आधी तीच दिसते.