मदत हवी आहे: रिसीव्हरला लांबचा टॅग ऐकू येतो, जवळचा नाही

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरातून लिहितेय. पंचगंगेतल्या महसीरवर माझं पीएचडीचं काम चाललंय. आमच्याकडचे भोई त्याला खडस म्हणतात. पावसाळ्याच्या तोंडावर बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढले की हा मासा वर चढतो का, आणि पाऊस संपल्यावर बरगे पुन्हा बसले की वरच अडकून राहतो का, एवढंच मला शोधायचंय. ज्यांच्या नावेतून मी जाते ते मामा म्हणतात, "चढतोय की, न चढायला काय झालंय!" त्यांच्यावर माझा विश्वास आहे, पण किती चढतात आणि कुठल्या रात्री, हे त्यांनाही दिसत नाही.

म्हणून माशाच्या पोटात टॅग बसवायचा आणि पाण्यात रिसीव्हर ठेवायचा, असं ठरलं. टॅग ६९ किलोहर्ट्झवर टकटक करतो. आपल्या कानाला ती ऐकू येत नाही. प्रत्येक हाकेत ठरावीक टकटक असतात आणि दोन टकटकींमधल्या अंतरात त्या माशाचा नंबर दडलेला असतो. एक हाक पुरी व्हायला तीन-चार सेकंद लागतात. दोन हाकांमधला वेळ मुद्दाम कमीजास्त ठेवलेला असतो, नाहीतर दोन माशांच्या हाका दर वेळी एकमेकांवर आदळतील.

अजून एकाही माशाला हात लावलेला नाही. आधी चाचणी घेतली. रिसीव्हर बंधाऱ्याच्या भिंतीपासून दहा-बारा मीटरवर, तळापासून थोडा वर, हायड्रोफोनचं (पाण्यातला आवाज टिपणाऱ्या माइकचं) टोक वरच्या बाजूला. टॅग दोरीला बांधून नावेतून दीड मीटर खोल सोडला आणि प्रत्येक ठिकाणी एक तास थांबलो. टॅग तासाला साधारण ६० हाका देतो. १५० मीटरवर चाळीसच्या वर नोंदल्या गेल्या. ३० मीटरवर दहासुद्धा नाहीत! मला वाटलं कागदावर आकडे उलटे लिहिले गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, तेच. आणि एक अनोळखी नंबर एकदाच नोंदलेला दिसला. तसा टॅग आमच्याकडे नाहीच.

बॅटरी नवीन आहे, घड्याळ लॅपटॉपशी जुळवलेलं आहे. मग हे यंत्र बिघडलंय, की मी चुकीच्या जागी ठेवलंय?

घाई का, तेही सांगते. टॅग ११ ग्रॅमचा आहे. टॅग माशाच्या वजनाच्या २ टक्क्यांवर जाऊ नये असं धरलं तर मासा किमान साडेपाचशे ग्रॅमचा हवा. त्याला लवंग तेलाच्या पाण्यात गुंगी आणायची, कल्ल्यांवरून पाणी सोडत राहायचं, पोटाला छोटी चीर, टॅग आत, दोन टाके. हे मी दुसऱ्या माशांवर मार्गदर्शकांसमोर शिकलेय. टाका ओढताना हाताखाली तो कल्ला उघडमीट करताना दिसतो. ज्याचा आवाज मला ऐकूच येणार नाही, अशा माशाचं पोट मी चिरणार नाही. आणि बरगे निघायला महिनासुद्धा उरलेला नाही.

दुसरा प्रश्न पुराचा. राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. २०१९ ला पाणी कुठवर गेलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. अशा पाण्यात रिसीव्हर ठेवावा की काढावा?

प्रतिसाद

ताई, यंत्राला काही झालेलं नाही. मी हे काम समुद्रात केलंय, तिथेही जेट्टीजवळ असंच झालं होतं. टॅग जवळ असला की आवाज जोरात असतो. तो दगडी भिंतीवर, काळ्या पाषाणाच्या तळावर आणि पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून घुमत राहतो. प्रत्येक टकटकीनंतर रिसीव्हर क्षणभर कान झाकून घेतो, पण घुमणं त्याहून लांबलं तर प्रतिध्वनीलाच तो पुढची टकटक समजतो आणि नंबर जुळत नाही. लांबून येताना आवाज मंदावतो, प्रतिध्वनी विरून जातो, उरतो तो स्वच्छ. तुमचा अनोळखी नंबरही असल्याच गोंधळातून तयार झालेला असणार. एकदाच दिसलेला नंबर मासा म्हणून कधीच धरू नका.

खात्री करायची तर रिसीव्हरच्या लॉगमध्ये पल्स (ऐकलेल्या टकटकी) आणि सिंक (हाक सुरू झाल्याची खूण) यांचे आकडे बघा. पल्स भरपूर आणि पुऱ्या झालेल्या नोंदी थोड्या, म्हणजे प्रतिध्वनीच. भिंतीपासून दूर, मऊ गाळाच्या वळणावर हलवा आणि जमलं तर कमी ताकदीचा टॅग घ्या. एक टॅग कायम ठरलेल्या अंतरावर बांधून ठेवा. त्याच्या हाका कमी झाल्या की समजायचं, त्या दिवशी नदीच गोंगाटाची होती.

पुरात बंधाऱ्यावरून कोसळणाऱ्या पाण्यात हवेचे बुडबुडे मिसळतात आणि ते आवाज गिळतात. तेव्हा भिंतीजवळ काहीच मिळणार नाही. वरच्या आणि खालच्या डोहात एकेक रिसीव्हर ठेवलात तर आधी कुठे ऐकू आला यावरून दिशा कळेल. दोर बंधाऱ्याला नको, काठावरच्या जुन्या झाडाला उंचावर, स्टीलच्या तारेने बांधा.

धागाकर्ती

सर, खूप खूप आभार. लॉग उघडला. ३० मीटरच्या तासात पल्स १५० मीटरच्या तासापेक्षा कितीतरी जास्त, पण पुऱ्या झालेल्या नोंदी मोजक्या. तुम्ही म्हणालात तेच.

मामांना वळणाचं विचारलं तर त्यांनी वरच्या अंगाला एक डोह दाखवला. तळाला बांबू टोचला तर हातभर गाळात गेला. रविवारी पहाटे तिथे चाचणी घेतोय. एकच शंका राहिली: गाळ एवढा मऊ असेल तर रिसीव्हरला बांधलेला सिमेंटचा नांगर हळूहळू रुतत जाऊन हायड्रोफोनच गाळात जाईल का? कुणी रुंद फरशी खाली टाकून बघितलंय का?