जिनिंगच्या सॉफ्टवेअरसाठी यूज केस लिहायच्या, की सरळ स्क्रीन दाखवायचा?

वणीकर (धागाकर्ता):
हिंगणघाटकडच्या एका जिनिंगसाठी कापूस खरेदीचं सॉफ्टवेअर करतोय. भागीदार म्हणतो, दोन स्क्रीन बनव, मालकाला दाखव, तो सांगेल तसं बदल. मी हट्टाने आधी यूज केस लिहायला बसलो. माणूस एखादं काम घेऊन यंत्रणेपाशी येतो, ते कसं तडीस जातं आणि कुठे अडतं, याची पायरीपायरीने लिहिलेली हकिगत म्हणजे यूज केस. माझी पहिली अशी:

कापसाची गाडी खरेदी करणे
१. कारकून गेटवर गाडीची नोंद करतो.
२. ग्रेडर ओलावा आणि प्रत पाहून भाव नोंदवतो.
३. भरल्या गाडीचं वजन होतं.
४. गाडी खाली होते.
५. रिकाम्या गाडीचं वजन होतं.
६. यंत्रणा निव्वळ वजन काढून काटापट्टी देते.
७. पैसे शेतकऱ्याच्या खात्यात जमा होतात.

यात नवल काही नाही. खरी कमाई खालच्या फाट्यात, म्हणजे एखादी पायरी बिघडली तर घ्यायच्या वाटेत, झाली. ४अ: गाडी खाली होताना तळाशी ओला कापूस निघाला. मालकाने तीन बैठकांत हे सांगितलं नव्हतं. प्रत्येक पायरीला "आणि इथं बिघडलं तर?" विचारत गेलो, तेव्हा निघालं. म्हणून माझं मत, लिहाच.

पुण्यातला दारव्हेकर:
भाऊ, पटलं नाही. इव्हार याकोबसन या स्वीडिश संगणकतज्ज्ञाने ही पद्धत १९८०च्या दशकात एरिक्सन कंपनीत टेलिफोन यंत्रणांच्या कामातून आणली. एवढा मोठा पसारा असला की कागद लागतोच. तुमच्याकडे एक काटा आणि दोन माणसं. कार्डावर कोणाला काय हवं याची एक ओळ लिहा, बाकी तोंडी बोला. वीस पानी यूज केसवर गिऱ्हाईक न वाचताच सही करतं आणि नंतर म्हणतं, "हे तर मी सांगितलंच नव्हतं." दोनदा भोगलंय.

वणीकर:
वीस पानं कोणी सांगितली? यूज केस कशा लिहाव्यात यावर पुस्तक लिहिणारे अॅलिस्टर कॉबर्न हे तर मुख्य वाट नऊ पायऱ्यांच्या आत ठेवा म्हणतात. आणि तोंडी बोललेलं ४अ ऐन हंगामात कोणाच्या लक्षात राहील?

टेस्टर ताई:
मला दोघांशीही भांडायचंय. वणीकर, तुम्ही मला पाठवलेल्या यादीत "लॉगिन करणे" ही वेगळी यूज केस आहे. लॉगिन झालं म्हणून कोणी काम संपवून चहाला उठतं का? नाही ना, मग ती काढा. "हिरवं बटण दाबतो" हेही काढा, बटण उद्या बदलेल. ओलाव्याची मर्यादाही पायरीत नको. सीसीआयचा (सरकारी कापूस महामंडळाचा) नियम ८ ते १२ टक्क्यांचा, खासगी जिनवाल्याचं गणित वेगळं. नियमांचा तक्ता वेगळा ठेवा. आणि दारव्हेकर, तुमच्या एका ओळीच्या कार्डावरून मी टेस्ट काय लिहू, कपाळ?

काट्यावरचा कारकून:
राजेहो, मी जिनात काट्यावर बसतो. वणीकर भाऊनं कागद देला म्हणून वाचला. ४अ मधी "ग्रेडर नवा भाव सांगतो, पुढं ५" असं लिवलं हाय. अन् शेतकरी नाई म्हणला त? अर्धी गाडी गंजीत गेलेली रायते. त्या गंजीतून याचा कापूस कोन येचून काढंन? आमी उरलेल्या मालासकट गाडी पुन्हा काट्यावर घेतो, जेवढा उतरला तेवढ्याचाच हिसाब करतो.

पुण्यातला दारव्हेकर:
दादा, हेच म्हणतोय मी! वणीकर एक दिवस तुमच्या शेजारी बसले असते तर डोळ्यांनी दिसलं असतं. कागद कशाला?

काट्यावरचा कारकून:
ओला माल का रोज निंगते? तुमी ज्या दिवशी बसान त्या दिवशी सारा कोरडाच येईन. अन् स्क्रीन दाखवला असता त मी मुकाट्यानं आकडे टाकले असते.

वणीकर:
दादा, ४ब टाकतो. उतरलेल्या मालाला भाव कोणता, पहिला की नवा?

काट्यावरचा कारकून:
पहिला. पन सही कोनाची घ्याची ते मालकाले इचारा. गाडी घेऊन येते बटईवाला, सातबारा रायते दुसऱ्याच्या नावानं. पैसे कोनाच्या खात्यात टाकान?

पुण्यातला दारव्हेकर:
घ्या, अजून एक फाटा.

वणीकर:
७अ.