गाजर-बीटचा रस की कच्ची कोशिंबीर? बाबांना शुगर आहे

मैत्रेयी_डोंबिवली
मंडळी, एक विचारायचंय. बाबा ६८ वर्षांचे, शुगरच्या गोळ्या चालू आहेत. सकाळी फिरायला जातात तिथे बागेबाहेर एकजण दुधी-गाजर-बीटचा रस विकतो, तो मोठा ग्लासभर पितात आणि दुपारी कोशिंबीर वाढली की म्हणतात माझ्या भाज्या सकाळीच झाल्या. आई म्हणते चोथा फेकून दिल्यावर उरलं काय, बाबा म्हणतात सगळं सत्त्व रसातच उतरतं. कवळी असल्यामुळे कच्चं चावायला त्रास होतो हेही खरंय. नक्की काय द्यावं?

आहारवेडी_नाशिक
मी आहारशास्त्र शिकवते. रसात काहीच उरत नाही असं नाही हं, पोटॅशियम, क जीवनसत्त्व, बीटमधले नायट्रेट बऱ्यापैकी उतरतात. जातो तो मुख्यतः चोथा, आणि शुगरवाल्याला नेमका तोच हवा असतो! १०० ग्रॅम गाजरात साधारण ३ ग्रॅम फायबर आणि ५ ग्रॅमच्या आत साखर असते, गाळल्यावर बरंचसं फायबर गाळणीत राहतं आणि साखर मात्र ग्लासात येते. त्यात एका मोठ्या ग्लासाला चार-पाच गाजरं सहज जातात, तेवढी चावून खायला बसलं तर दोनातच पोट भरतं. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचा नियमच आहे, रस दिवसाला १५० मिली पुरे आणि कितीही प्यायलात तरी दिवसाच्या फळं-भाज्यांच्या पाच वाट्यांपैकी एकच धरायची.

आता गाजरातलं बीटा कॅरोटीन, म्हणजे ज्यापासून शरीरात अ जीवनसत्त्व बनतं ते. कच्च्या गाजराच्या मोठ्या फोडींतून ते शरीराला कमीच मिळतं, बारीक केल्यावर जास्त मिळतं, म्हणजे इथे बाबांच्या बोलण्यात तथ्य आहे. पण ते शोषायला स्निग्ध पदार्थ लागतो आणि उपाशीपोटी प्यायलेल्या रसात तो कुठून येणार? आपल्या कोशिंबिरीत दाण्याचं कूट असतं, वरून तेलाची फोडणी असते, काम झालं. बारीक किसणीवर किसा, गाजर मऊ पडतं आणि कवळीलाही जमतं.

सह्याद्री७१
बाकी चर्चा नंतर करा, आधी दुधीचं बघा!! कडू दुधीत कुकरबिटासिन नावाचं विष असतं, त्याने उलट्या, जुलाब, रक्ताच्या उलट्या होतात आणि माणसं दगावलीत. आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) तज्ज्ञ समितीने यावर अहवाल दिला होता, त्यात स्पष्ट सांगितलंय की रस काढण्याआधी दुधीचा छोटा तुकडा चाखायचा, कडू लागला तर अख्खा दुधी फेकायचा आणि कडू रस अजिबात प्यायचा नाही. घरी भाजी कडू झाली की आपण पहिल्याच घासाला ताट सरकवतो, पण रस आरोग्यासाठी म्हणून नाक दाबून गटागटा पितात आणि त्यात गाजर-बीटचा गोडवा नि लिंबू-काळं मीठ असलं की कडवटपणा दबतो. गाडीवाला प्रत्येक दुधी चाखतो का ते बाबांना बघायला सांगा.

प्राची_औंध
रसाच्या बाजूनेही बोलते, बीपीवर बीटचे जे अभ्यास झालेत ते बरेचसे रसावरच झालेत आणि काहींत बीपी थोडं उतरलेलं दिसलंय. पण मुतखडा होऊन गेला असेल तर रोज ग्लासभर बीट किंवा पालक नको, त्यात खडे बनवणारं ऑक्झलेट भरपूर असतं. किडनीचा त्रास असेल तर पोटॅशियमचं डॉक्टरांना विचारा, रक्त पातळ करायला वॉर्फरिन चालू असेल तर पालेभाज्यांचा रस एकदम सुरू करू नका.

मैत्रेयी_डोंबिवली
दुधीचं माहीतच नव्हतं, आजच सांगते! मुतखडा, किडनी काही नाही. पण बाबांना सकाळी काहीतरी प्यायला लागतंच, मग घरीच मिक्सरमधून काढून न गाळता दिलं तर?

आहारवेडी_नाशिक
चालेल, चोथा त्यातच राहील. अर्धं गाजर, काकडी, टोमॅटो, थोडा पुदिना असं करा, काकडीचाही तुकडा आधी चाखा. बीट नावापुरतं. एक छोटा ग्लास, फिरवलं की लगेच प्यायला द्या, ठेवून दिलं की क जीवनसत्त्व कमी होत जातं. आणि घरी ग्लुकोमीटर असेल तर एक दिवस गाडीवरच्या रसानंतर दोन तासांनी आणि एक दिवस ह्यानंतर दोन तासांनी शुगर बघा, बाबांना आकडा दाखवा.