अनुभव धागा: सीनाकाठी सायकल कुठे आणि कशी चालवता?

भाच्याने नवी सायकल घेतली आणि जुनी ग्रॅव्हल बाईक माझ्या गळ्यात मारली. हँडल रेसरसारखं खाली वळलेलं, टायर मात्र 40 मिलिमीटर रुंद, ब्रेक डिस्कचे. "मामा, हिला डांबरावर कुजवू नका, नदीकाठच्या बागांतून, कच्च्या वाटांनी फिरवा," म्हणाला. तो पुण्यात राहतो, त्याचं ठीक आहे. सोलापुरात नदीकाठची बाग आणायची कुठून? आदिला आहे, पण शहरालगत तिची जी दशा झालीय, तिला नाक धरूनच नदी म्हणावं लागतं. खरी नदी सीना. ती शहर टाळून पश्चिमेकडून वळसा घालते, दक्षिणेला उतरते आणि कुडलला भीमेत जाते. आपणच उठून तिच्याकडे जायचं.

दिवाळीपासून तिऱ्हे ते वडकबाळ या पट्ट्यात भटकतोय. मंगळवेढा रोड सोडून आत शिरलं की पाणंद लागते. दोन चाकोऱ्या, मधे गवत, दोन्हीकडे ऊस. मुरूम असेल तर सायकल अशी पळते की वय विसरायला होतं. मोबाईलच्या नकाशावर मात्र विसंबू नका. दोनदा मला भर उसात नेऊन "उजवीकडे वळा" म्हणालाय.

एक प्रसंग सांगतो. एका कोल्हापुरी बंधाऱ्यावरून पलीकडे जायचं होतं. वरची वाट जेमतेम दीड माणूस रुंद, कठडा नाही. एका अंगाला तुडुंब पाणी, दुसऱ्या अंगाला उघडे खडक, आणि खाली बर्ग्यांच्या, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्यांच्या, फटींतून पाण्याच्या चिळकांड्या. सायकल हातात धरून अर्ध्यावर पोचलो, तर समोरून डोक्यावर कडब्याची पेंढी घेतलेल्या एक आजी. थांबल्या. मीही थांबलो. पेंढी काही मागे फिरत नाही, हे दोघांनाही कळलं. सायकल उचलून उलट्या पावलांनी तीसेक फूट मागे आलो. जाताना आजी म्हणाल्या, "गाडी चांगलीय, पर सीट लईच बारीक हाय."

तुमचे रस्ते सांगा, फजितीही सांगा. सामान काय नेता तेही लिहा.

सराटाग्रस्त:
काका, सामानाचं मी सांगतो. पहिल्या महिन्यात नऊ पंक्चर. एकाच रविवारी तीन, त्यातलं शेवटचं घरापासून चार किलोमीटरवर, सोल्यूशन संपल्यावर. नदीकाठी वेडी बाभूळ आहे, तिचा काटा दोन इंची. पण खरा वैरी सराटा. जमिनीलगत पिवळी फुलं दिसतात, गोंडस वाटतात आणि वाळलं की प्रत्येक फळ म्हणजे खिळा. काहीही करा, एक टोक वर राहतंच. ट्यूब काढून टायर ट्यूबलेस करून घेतले, आत सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारं पातळ द्रव. आता काटा उपसला की फिस्स होतं, पांढरा थेंब येतो, चाक चार वेळा फिरवायचं आणि निघायचं. सोलापूरच्या उन्हात सीलंट लवकर सुकतं, दोन-अडीच महिन्यांनी बघत जा. हवा 60-70 पीएसआय भरणारे हाडं मोजत घरी येतात. माझं वजन 72, मी 38 ठेवतो.

हिप्परगावाली:
मी सीनेकडे एकटी जात नाही, हे आधीच सांगते. उसातल्या पाणंदीत समोरचं वीस फुटांपलीकडे दिसत नाही, आणि मोबाईलची रेंज जाते-येते. माझा रस्ता उलट्या दिशेचा, तुळजापूर रोडने हिप्परग्याच्या तलावाकडे. एकरुख तलाव तो, 1871 सालचा, आदिलेवरच बांधलेला. काका, आदिलेला नावं ठेवलीत ना? तलावावर येऊन बघा ती मुळात काय होती. थंडीत पट्टकादंब उतरतात. हिमालय ओलांडून आलेले असतात बिचारे, म्हणून मी सायकल लांब उभी करून चालत जाते. मागे एकाने त्या बाजूने घंटी वाजवत सायकल घातली आणि सगळा थवा उठला. त्या दादांना मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

लोक विचारतात, "डॉक्टरांनी सांगितलंय का?" एका काकूंनी तर थांबवून विचारलं, "गाडी नाही का घरी?" आहे म्हटलं, दोन आहेत. त्यांना माझी जास्तच कीव आली. आता आम्ही चौघी आहोत. साडेपाचला निघतो, आठला घरी. उन्हाळ्यात तर सातच.

चिखल्या:
सगळे मुरमाचं कौतुक करतायत, काळ्या मातीबद्दल कुणीतरी बोला की. जूनमधली गोष्ट. रात्री एक सर येऊन गेलेली, सकाळी लख्ख ऊन. वाटलं सुकलं असेल. हत्तूरच्या अलीकडे आत वळलो. पहिले शंभर मीटर झकास. मग टायर जाड दिसायला लागले. मग चाक फिरेना. माती, त्यात गवत, त्यात पाचट, सगळं फोर्कमध्ये असं ठासून बसलं की मागचं डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, कुठाय तेच कळेना. जोर लावला असता तर मोडलंच असतं. उतरलो तर बुटांचीही तीच गत, प्रत्येक पाऊल दोन किलोचं. सायकल खांद्यावर घेऊन किलोमीटरभर चालायला सव्वा तास. वाटेत एक म्हातारबुवा भेटले. "कुठं जालालात ओ?" मी म्हटलं, फिरायला. बुवांनी सायकलीकडे बघितलं, ती माझ्यावर बसलेली. काही बोलले नाहीत. कमरेचं खुरपं काढून दिलं.

नंतर वाचलं, अमेरिकेत कॅन्ससमध्ये ग्रॅव्हलची 200 मैलांची शर्यत असते, तिथेही 2023 मध्ये असाच चिखल झाला होता आणि भलेभले सायकल खांद्यावर घेऊन चालत होते. चिखल खरवडायला ते रंग ढवळायची पट्टी वापरतात. खुरप्यापुढे पट्टी काय टिकणार! तेव्हापासून बॅगेत एक आखूड दांड्याचं खुरपं असतं. पाऊस पडून गेला की दोन पूर्ण उन्हं जाऊ द्या, मगच काळ्या रानात शिरा.

दोआबी:
कुडल कुणीच लिहिलं नाही? वडकबाळचा पूल ओलांडला की तुम्ही सीना आणि भीमेच्या मधे असता, जणू चिमटीत. मंद्रूपच्या पुढे हमरस्ता सोडायचा आणि आतल्या वाटा शोधत हत्तरसंग कुडल गाठायचं. चिमटी मिटते ती जागा. घरापासून जाऊन-येऊन माझे 90 किलोमीटर झाले, त्यातले निम्मे कच्चे. संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके 940 चा, म्हणजे इ.स. 1018 चा मराठी लेख आहे. शेवट असा की जो हे वाचेल तो विजयी होईल. मला अक्षर लागलं नाही, त्यामुळे परतीला उलटा वारा आणि चेन तुटली. 359 मुखांचं शिवलिंगही तिथेच. सायकलचे बूट काढून दगडी फरशीवर अनवाणी बसलो, शेंगा चटणी आणि कडक भाकरी खाल्ली. एनर्जी जेल वगैरे ज्यांना खायचं त्यांनी खावं. भाकरी खिशात मोडते, पण मोडूनच खायची असते.

रात्रपाळी:
थोडक्यात. गाळप सुरू असताना उसाच्या ट्रॅक्टरमागे राहू नका, दोन ट्रॉल्यांची मागची झुलते. वस्तीवरची कुत्री आली तर पळू नका, उतरा, सायकल मधे धरा, मालकाला हाक मारा. मालक बहुधा बघत हसतच असतो.

नदीकाठचा:
मी सायकल चालवत नाही, मुलगा चालवतो, त्याने धागा दाखवला. आमचं रान सीनेला लागून आहे. सप्टेंबर 2025 चा पूर तुम्ही लोकांनी हायवे बंद झाला म्हणून पाहिला. आमच्या रानात तेव्हा पुरुषभर पाणी होतं. ओसरल्यावर काही ठिकाणी वरची माती गेली, काही ठिकाणी हातभर वाळू बसली. पाण्याची मोटार अजून सापडली नाही. बाभळींवर दहा फुटांवर चिंध्या, ठिबकच्या नळ्या लोंबतायत, त्या तुम्ही येता-जाता बघत असाल. फोटोही काढता.

येऊ नका म्हणत नाही. या. पण जिथे नवी तांबूस माती दिसेल ती आम्ही विकत आणून टाकलेली आहे, तिच्यावर चाक घालू नका. ज्वारीच्या बांधावरूनही नको. पुरानंतर कसाबसा घातलाय, कडेनं ढासळतो. पाणंद सगळ्यांची आहे, तिच्यातून खुशाल जा. आणि झडपेवर पाय देऊन पाणी पिऊ नका, गडी आहे तिथे, तो देईल.

धागाकर्ता:
नदीकाठचे दादा, तांबूस मातीचं मला खरंच कळलं नव्हतं. डिसेंबरात एकदा तिच्यावरून गेलोय, मऊ लागली म्हणून खूशही झालो होतो. चाकोरी राहिली असेल. कुणाचं रान होतं ठाऊक नाही, पण जागा आठवते. रविवारी जाऊन बघतो, माणूस भेटला तर बोलतो.

बाकीच्यांसाठी: रविवारी पहाटे साडेपाच, विजापूर नाका. वडकबाळपर्यंत डांबर, पुढे पाणंद, दहाच्या आत परत. हिप्परगावाली ताई, चौघीही या. शनिवारी पाऊस आला तर रद्द.

चिखल्या:
आला तरी मी येतो. खुरपं आहे.