वापरलेला ब्लॅकबेरी की-टू घेतला: कळांवर देवनागरी कशी लिहावी, आणि परतीच्या मुदतीत काय तपासावे?

पागनीसपागा (इंदूर)

नमस्कार मंडळी. जेल रोडवरून ब्लॅकबेरी की-टू हा खऱ्या कळांचा फोन घेतला. वापरलेला आहे, पण अंगावर ओरखडा नाही. दोन सिमचा भारतीय नग, ६ जीबी रॅम, ६४ जीबी जागा. चार दिवसांत जाणवलेले आधी लिहितो, मग प्रश्न.

कळा मॅट आहेत, दाबल्याचे बोटाला नीट कळते. दर ओळीच्या वर धातूची बारीक पट्टी आहे, त्यामुळे खाली न पाहता अंगठ्याला ओळ सापडते. वेग अजून काचेच्या पडद्याइतका नाही, चुका मात्र निम्म्यावर आल्या आहेत. वजन १६८ ग्रॅम म्हणजे जड नाही, पण टाइप करताना हात फोनच्या अगदी खाली जातात आणि वरचा भाग पुढे झुकतो. करंगळीचा आधार दिला की तोल सावरतो. पडदा ४.५ इंची, लांबीरुंदीचे प्रमाण ३:२. मजकूर वाचायला उत्तम, व्हिडिओला लहान. सगळ्यात आवडले ते कळांवरून नुसता अंगठा फिरवून पान वरखाली करणे. वाचताना पडद्यावर बोट येतच नाही.

आता प्रश्न. कळांवर छापलेली अक्षरे फक्त इंग्रजी. घरी मराठी, बाहेर हिंदी, दोन्ही रोज देवनागरीत लिहावे लागते. त्याची सोय काय? दुसरे, आंड्रॉईड ८.१ आहे, त्यावर यूपीआय ठेवावे का? तिसरे, दुकानदाराने सात दिवसांत परत घेण्याचे कबूल केले आहे, त्यातले तीन उरले. या तीन दिवसांत काय काय तपासू?

सुदामानगर_६८

तीन दिवस उरलेत तर तिसरा प्रश्न आधी घ्या. मराठीची सोय नंतरही होईल.

पहिली खात्री, नग खरोखर की-टूच आहे ना. की-टू एलई दिसायला सारखा, पण त्याची बॅटरी ३००० एमएएच, प्रोसेसर स्नॅपड्रॅगन ६३६ आणि कळांना स्पर्श कळत नाही. तुमच्या कळांवरून पान सरकते, म्हणजे एलई नाही. की-टूला ३५०० एमएएच आणि स्नॅपड्रॅगन ६६०.

मग *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, काढा. दोन सिम म्हणजे दोन क्रमांक. के-वाय-एम ही तीन इंग्रजी अक्षरे, एक जागा सोडून १५ अंकी क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. दोन्ही क्रमांकांसाठी वेगळा. 'ब्लॅकलिस्टेड' असे उत्तर आले तर त्याच दिवशी फोन परत करा. आधीच्या मालकाचे गूगल खाते निघाले आहे का, हेही पाहायचे. त्यासाठी फोनमधला सगळा डेटा पुसून तो नव्याने सुरू करा. जुन्या खात्याचा पासवर्ड मागितला तर तो मालक सापडेपर्यंत फोन निरुपयोगी.

कळांची तपासणी दोन वेगवेगळ्या गोष्टींची असते, आणि इथेच लोक चुकतात. कळ दाबली जाणे वेगळे, स्पर्श कळणे वेगळे. दाबणे तपासायला शब्द सुचवणे बंद करा आणि प्रत्येक कळ २० वेळा दाबा. २० ऐवजी २२ अक्षरे उमटली तर ती कळ दुहेरी उठते आहे, १८ उमटली तर दाब पोचत नाही. ऑल्ट, सिम (चिन्हांची 'एसवायएम' कळ, सिमकार्ड नव्हे) आणि उजवीकडची स्पीड-की (शॉर्टकटची कळ) विसरू नका. स्पर्श तपासायला लांबलचक पान उघडा आणि एकेका ओळीवरून, कळ न दाबता, डावीकडच्या टोकाशी वरखाली, मग मध्ये, मग उजवीकडे अंगठा फिरवा. एखाद्या पट्ट्यात पान हललेच नाही तर आतला स्पर्शाचा थर गेलेला आहे. तो स्वच्छ करून परत येत नाही, सगळा कीबोर्ड बदलावा लागतो. स्पेसच्या कळीतच बोटाच्या ठशाचा सेन्सर आहे, तेव्हा दोन्ही अंगठे नोंदवून १० वेळा उघडून पाहा.

बॅटरी: १०० टक्के भरा, विमान मोड लावा, प्रकाश निम्मा ठेवा आणि आधी उतरवून ठेवलेला व्हिडिओ तासभर चालवा. १० ते १२ टक्के उतरली तर ठीक. २० च्या वर गेली तर सेल थकला आहे. २५-३० टक्क्यांवरून एकदम बंद पडणे हे त्याहून वाईट लक्षण. पाठ कुठे फुगली आहे का, पडद्याची कड उचलली आहे का, हे फोन सपाट काचेवर ठेवून बघा. बॅटरी आत चिकटवलेली आहे, घरी काढायच्या फंदात पडू नका.

जिओचे सिम असेल तर कॉल लावून पाहा. जिओकडे २जी-३जी नाहीच, त्यामुळे व्होल्टी (४जी वरून कॉलची सोय) चालू नसेल तर फोन वाजणारच नाही. दोन्ही खाचांत सिम बदलून तपासा. ४जी चे ३, ५ आणि ४० हे बँड (लहरींचे पट्टे) इथे लागतात. भारतीय नगाची काळजी नाही, पण हे वाचून कुणी बाहेरून आणलेला नग घेणार असेल तर त्याने ४० आहे का ते आधी विचारावे.

दांडिया_बाजार (बडोदे)

मराठीसाठी इनस्क्रिप्ट हा देवनागरी कळांचा प्रमाण आराखडा शिकून घ्या. सगळीकडे तोच आराखडा, आणि एकदा हात बसला की कळांवर काय छापले आहे याने फरक पडत नाही. आठ-दहा दिवसांचे काम आहे.

लोकमान्यनगर

दांडिया_बाजार, संगणकावर तुमचे म्हणणे शंभर टक्के बरोबर. मीही संगणकावर दुसरे काही सुचवणार नाही. पण या फोनवर इनस्क्रिप्ट का अडते ते कळा मोजल्या की लक्षात येते.

इनस्क्रिप्टमध्ये डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजने. व्यंजने इतकी आहेत की इंग्रजीच्या २६ कळांत मावत नाहीत, म्हणून ती विरामचिन्हांच्या कळांवर सांडतात. ड चौकटी कंसावर, च अर्धविरामावर, ट अवतरणचिन्हावर, य तिरप्या रेघेवर, आणि ष शिफ्ट धरून स्वल्पविरामावर. संगणकावर या कळा करंगळीखालीच असतात. की-टूवर त्या स्वतंत्र कळा नाहीत. अर्धविराम ऑल्ट धरून जे वर, अवतरण के वर, तिरपी रेघ जी वर, आणि चौकटी कंस तर सिमच्या पानात. म्हणजे आराखडा बसवलाच तरी 'चटकन' लिहिताना पहिली दोन अक्षरे दोन-दोन कळांची. 'नाही', 'नको', 'मला' सहज येतील, पण 'आणि' पासून शिफ्ट सुरू, कारण ण शिफ्ट धरून सी वर. ळ शिफ्ट धरून एन वर, आणि 'दुसऱ्या'मधला ऱ शिफ्ट धरून जे वर. मराठीला ही तिन्ही पदोपदी लागतात. शिवाय इंदुरात सीपीसीटी या संगणक-टंकलेखनाच्या परीक्षेमुळे पुष्कळांचे हात रेमिंग्टन गेल या टाइपरायटरच्या धाटणीच्या आराखड्यावर बसलेले असतात, त्यांना इनस्क्रिप्ट नव्याने शिकावे लागेल ते वेगळेच.

पागनीसपागा, तुमच्यासाठी मी तीन वाटा सुचवतो. तिन्ही एकत्र वापरायच्या.

लांब मजकुराला गूगलचा जीबोर्ड घाला आणि त्यात 'मराठी' निवडताना रोमन लिहून देवनागरी मिळते तो प्रकार घ्या. हिंदीचाही तोच. मग सेटिंग्जमध्ये सिस्टिम, तिथे भाषा आणि इनपुट, तिथे फिजिकल कीबोर्ड, आणि 'पडद्यावरचा कीबोर्ड दाखवा' हे चालू करा. हे बंद राहिले की जीबोर्ड घालूनही पडद्यावर काही येत नाही, आणि लोकांना वाटते ॲप बिघडले. ३:२ चा पडदा असल्याने कीबोर्ड बरीच जागा खातो. जीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये उंची कमी करता येते, ती सर्वात ठेंगणी ठेवा. ल आणि ळ, न आणि ण यांत पहिली सूचना डोळे मिटून घेऊ नका. 'बाल' आणि 'बाळ' रोमनमध्ये एकच दिसतात.

घाईच्या मजकुराला बोलून लिहिणे. जीबोर्डवरच्या माइकची भाषा मराठीच आहे ना एवढे पाहा. हिंदीवर राहिली तर 'आहे'चे 'आए है' होते.

तिसरी वाट म्हणजे रोजची वाक्ये, आणि इथे या फोनच्या कळा खऱ्या कामाला येतात. ब्लॅकबेरी कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये शब्द बदलण्याची सोय आहे, वर्ड सब्स्टिट्यूशन नावाने. डाव्या बाजूला रोमन संक्षेप, उजवीकडे देवनागरी वाक्य चिकटवायचे. संक्षेप टाइप करून स्पेस दिली की वाक्य उमटते. संक्षेप असा हवा की तो कुठल्याही खऱ्या शब्दात येऊ नये. मराठीचे सगळे संक्षेप झेडने सुरू करा, हिंदीचे एक्सने. झेडनंतर व्यंजनच ठेवा, कारण 'झाला', 'झोप' हे आपण रोमनमध्येही झेडने लिहितो, पण त्यांत झेडपुढे स्वर किंवा एच येतो. म्हणजे झेड-डी-एन ला 'धन्यवाद', झेड-एन-जी ला 'निघालो, वीस मिनिटांत पोचतो', झेड-के-व्ही ला 'कळवतो'. हिंदीत एक्स-पी-टी ला 'पता भेज दीजिए'. सुरुवातीला दहाच करा. चाळीस एकदम केलेत तर लक्षात राहत नाहीत आणि सगळेच सोडून द्याल.

वेगाबद्दल: अंगठ्याचा मांसल भाग टेकवू नका, नखाच्या आतल्या टोकाने दाबा. दोन कळा एकदम दाबल्या जाण्याचे कारण बहुतेकदा हेच असते. मोठ्या लिपीसाठी शिफ्ट नको, कळ जरा धरून ठेवली की पुरते. कळांवरून डावीकडे झटका दिला की मागचा शब्द पुसतो. सुचवलेल्या शब्दाच्या खालच्या कळांवरून वरच्या दिशेने झटका दिला की तो शब्द बसतो. कळांवर दोनदा हलके टेकवले की कर्सर अंगठ्याने हलवता येतो, दुरुस्तीसाठी पडद्यावर बोट नेमके टेकवत बसावे लागत नाही.

दांडिया_बाजार (बडोदे)

पटले. कंसाची कळ सिमच्या पानात आहे हे लक्षात घेतले नव्हते. 'गाडी', 'घोडा', 'थोडे' सगळेच अडणार.

मल्हारगंज_२२

यूपीआयचे कुणीच बोलले नाही, म्हणून लिहितो. ठेवू नका.

की-टू २०१८ मध्ये आंड्रॉईड ८.१ घेऊन आला आणि तिथेच राहिला, ९ त्याला मिळालाच नाही. हा फोन बनवणाऱ्या टीसीएल कंपनीने ब्लॅकबेरी नावाचे फोन विकणे ३१ ऑगस्ट २०२० ला थांबवले. बूटलोडर (फोन सुरू करणारी आतली प्रणाली) कुलूपबंद असल्याने बाहेरची नवी प्रणाली चढवण्याची वाटही नाही. म्हणजे सुरक्षेतली जी भोके नंतर सापडली ती या फोनात उघडीच आहेत, आणि उघडीच राहणार. क्रोमची १३८ ही आंड्रॉईड ८ आणि ९ वर चालणारी शेवटची आवृत्ती, तेव्हा पाने पाहायला फायरफॉक्स घाला. बँकेचे ॲप आज उघडले तरी पुढच्या सुधारणेनंतर 'फोन जुना आहे' म्हणून थांबू शकते, आणि ते नेमके दुकानात पैसे देताना कळेल.

बँकेत नोंदवलेला मोबाइल क्रमांकही या फोनात ठेवू नये असे माझे ठाम मत आहे. ओटीपी त्याच क्रमांकावर येतात. ते सिम घरातल्या अद्ययावत फोनात, दुसरे सिम या फोनात. लिहिणे, वाचणे, मेल, निरोप यांसाठी हा फोन अजूनही छान आहे. पण मेलचे मुख्य खाते इथे उघडणार असाल तर दोन टप्प्यांची पडताळणी आधी लावा.

एकाच फोनात सगळे हवे असेल तर कळांचा चालू पिढीतला फोन बघावा लागेल. युनिहर्ट्झचा टायटन २ आहे: ४.५ इंची चौरस पडदा, १४४० बाय १४४०, डायमेन्सिटी ७३०० प्रोसेसर, आंड्रॉईड १५. वजन २३५ ग्रॅम, म्हणजे तुमच्यापेक्षा ६७ ग्रॅम जास्त, आणि रुंदीमुळे एका हाताने जमत नाही. मागवायचा तर दुरुस्ती कुठे होणार हे आधी विचारून घ्या.

सुदामानगर_६८

मल्हारगंज_२२ यांच्याशी पूर्ण सहमत. माझ्याकडून एक राहिले होते, साफसफाई. शेवेचा चुरा आणि त्याचे तेल हे अशा कळांचे मोठे शत्रू, आणि आपल्याकडे पोह्यांवरही शेव असते. चुरा धातूच्या पट्टीखाली जाऊन बसतो, तेलाने तिथेच चिकटतो आणि कळ अर्धीच दाबली जाते. फोन बंद करा, कळा जमिनीकडे करून धरा, मऊ कोरडा दातांचा ब्रश पट्टीच्या दिशेने फिरवा, आडवा नाही. तेलकटपणा असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल ब्रशला, फोनवर थेंब टाकायचा नाही. ब्रश झटकून ओलसर राहील इतकाच घ्या आणि नंतर अर्धा तास फोन बंदच ठेवा. ब्लोअरची हवा मारू नका, चुरा आणखी आत जातो.

पागनीसपागा (इंदूर)

सर्वांचे मनापासून आभार. दोन्ही आयएमईआय वैध निघाले, जुने खाते नाही. व्हिडिओच्या चाचणीत तासाला १३ टक्के उतरली. स्पर्श सगळ्या ओळींवर चालतो. दाबण्याच्या चाचणीत एम २० ला २३ वेळा उमटला. ब्रश फिरवल्यावर २१, अल्कोहोलच्या ब्रशनंतर तीनदा मोजले, तिन्ही वेळा २०. बँकेचे सिम काढून दुसऱ्या फोनात घातले. झेडचे आठ आणि एक्सचे चार संक्षेप केले आहेत.

एक विचारायचे राहिले: परतीचा उद्या शेवटचा दिवस. एम पुन्हा दुहेरी उठू लागला तर?

सुदामानगर_६८

आज रात्री आणि उद्या सकाळी पुन्हा मोजा, प्रत्येक वेळी ५० दाब. चुरा असेल तर गेलेला प्रश्न परत येत नाही. एकदा जरी ५१ आला तर आतला संपर्क झिजलेला आहे, ब्रशने भागणार नाही. दुपारच्या आत दुकानात न्या आणि दुकानदारासमोरच मोजून दाखवा.