लिगामेंटच्या ऑपरेशननंतर फॉर्म कधी येतो? ब्रिस्बेन लायन्सचं उदाहरण कबड्डीला लावता येईल का?

चढाई_पर्वती

नमस्कार. मी पर्वती पायथ्याला राहते, वय २२, कबड्डीत चढाई करते. साडेसात महिन्यांपूर्वी डाव्या गुडघ्याचं एसीएलचं (गुडघ्यातली हाडं जोडणाऱ्या लिगामेंटचं) ऑपरेशन झालं. सरावात चढाई करून मागे वळताना पाय मॅटवर रोवलेलाच राहिला आणि अंग फिरलं. मला कुणी हातसुद्धा लावला नव्हता. आतून 'कट्' असा आवाज आला, तो शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीलाही ऐकू गेला. मांडीच्या मागच्या स्नायूची कंडरा (स्नायूची दोरी) काढून नवीन लिगामेंट बसवलंय.

आता पाच आठवड्यांनी निवड चाचणी आहे. प्रशिक्षक म्हणतात, "पळतेस ना? मग खेळ." पळताना खरंच काही होत नाही. रोज सकाळी पर्वतीच्या पायऱ्या चढते-उतरते. पण डाव्या पायावर वळायचं म्हटलं की पाय अर्धा क्षण थांबतो. चढाईत तेवढ्यात पकड होते.

मोठा भाऊ ब्रिस्बेनला असतो, तिथल्या लायन्स संघाचा पक्का समर्थक. ऑस्ट्रेलियन फुटबॉल म्हणजे लांबोळा चेंडू, अंडाकृती मैदान, एका बाजूला १८ जण. त्याने मला विल अ‍ॅशक्रॉफ्टबद्दल सांगितलं. जुलै २०२३ मध्ये त्याचा एसीएल तुटला, साधारण अकरा महिन्यांनी तो परतला आणि सप्टेंबर २०२४ च्या अंतिम सामन्यात सर्वोत्कृष्ट ठरून नॉर्म स्मिथ पदक घेऊन गेला. परतल्यावर तीन महिन्यांत एवढा फॉर्म! मला रात्री झोप येत नाही तेव्हा मी तोच सामना बघते. हे माझ्या बाबतीत होऊ शकेल का? कुणी जवळून पाहिलं असेल तर सांगा.

गॅबा_ते_कोथरूड

ताई, मी पाच वर्षं ब्रिस्बेनला होतो, त्यांच्या गॅबा मैदानावर जाऊन सामने बघायचो. आता कोथरूडला असतो. तिथला संध्याकाळचा सामना आपल्याकडे दुपारी तीन-दहाला लागतो, म्हणून जेवून लगेच बसतो. मनापासून सांगतो, भावाने सांगितलंय ते सगळं खरं आहे, पण अर्धंच आहे.

त्याच क्लबातल्या टॉम डोडीचं नाव त्याने घेतलं का? अ‍ॅडलेडकडून खेळताना २०२३ मध्येच त्याचाही एसीएल गेला. बरा होत असतानाच तो ब्रिस्बेनला आला. वर्षभर घाम गाळला, आणि २०२४ मध्ये राखीव संघातून परतत असताना गुडघा पुन्हा गेला. क्लब तोच, व्यायामशाळा तीच, आणि वेळही जवळपास तेवढाच. एकाला पदक मिळालं, दुसरा पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आणि तो हंगाम कसा होता ते ऐक. पहिल्या सातपैकी पाच सामने लायन्स हरले. कोलमन, मॅकार्थी, गार्डिनर, सगळ्यांचं एसीएल. आदल्या वर्षी अंतिम सामना कॉलिंगवूडकडून अवघ्या ४ गुणांनी गेलेला, म्हणजे जखम ताजी. अ‍ॅशक्रॉफ्टला लवकर उतरवायची इच्छा कुणाला झाली नसेल? तरी थांबले. मला त्या क्लबाचं सगळ्यात जास्त कौतुक या थांबण्याचं आहे, चषकापेक्षाही.

थांबता आलं कारण जागा भरायला पोरं होती. करारावर चाळीसच्या वर खेळाडू असतात. अंतिम सामन्यात लोमनने चार गोल मारले, कॅलम आह् चीने चार. उंचापुरा मॅकइनर्नी उपांत्य सामन्यात खांदा निखळून बाहेर बसला, तर डार्सी फोर्ट आला. सिडनीला ६० गुणांनी हरवलं. आपल्याकडे मंडळात बारा मुली, त्यातली एक आजारी आणि एकीची परीक्षा. म्हणून तुझ्या प्रशिक्षकांना घाई होते. त्यांचा हेतू वाईट नसेल, पण गुडघा तुझा आहे.

अजून एक. २०२५ मध्ये लॉकी नील पोटरीच्या दुखापतीनंतर तीनच आठवड्यांत अंतिम सामन्यात बदली म्हणून उतरला आणि लायन्स पुन्हा जिंकले. भाऊ आता तेही पाठवेल! पोटरी म्हणजे स्नायू, तो भरून येतो. लिगामेंटशी त्याची गल्लत करू नकोस.

कोपरारक्षक_७

मी वेगळं सांगतो, राग मानू नका. तिथे खेळाडूला पगार असतो, घरी बसला तरी मिळतो. इथे निवड चाचणी हुकली की वर्ष गेलं. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्र लागतं आणि ते मैदानावरच मिळतं. माझी एक संधी अशीच हुकली, नंतर वय निघून गेलं. गुडघ्याला पट्टा बांधून दोन चढाया कर, बोनस घे, नजरेत भर. एवढं जमण्यासारखं आहे.

फिजिओ_सदाशिव_पेठ

दादा, तुमची तळमळ कळते. माझ्याकडे येणारी निम्मी मुलं याच भीतीने लवकर उतरतात. पण पट्ट्याने लिगामेंट वाचत नाही, आणि दोनच चढायांत गुडघा जाऊ शकतो. ताईंचा पहिल्यांदा गेला तो एकाच चढाईत.

ताई, तुम्ही महिने मोजताय. मोजणी करायची ती ताकदीची. नॉर्वेत २०१६ साली झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितकं लांबवलं तितका पुन्हा दुखापत होण्याचा धोका दर महिन्याला जवळजवळ निम्म्याने घटला. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद दोन्ही पायांत सारखी असलेल्यांना धोका आणखी कमी होता. ऑपरेशन झालेला पाय दुसऱ्याच्या किमान ९० टक्के असावा, असं आम्ही धरतो. तुमचं कुणी मोजलंय का?

आणि तुमच्या खेळाचं एक खास आहे, ते फुटबॉलवाल्यांना नाही. तुमची कंडरा मांडीच्या मागून काढलीय. बचावपटूने घोटा धरला की पाय मागे खेचून घ्यायचं काम त्याच स्नायूंचं. म्हणजे ऐन पकडीत जिथे जोर लागतो, तिथूनच आपण उसनवारी केलीय. पालथं झोपून टाच पार्श्वभागाकडे आणा आणि कुणाला तरी हलका विरोध करायला सांगा. उजव्या-डाव्यातला फरक तुम्हालाच जाणवेल.

तो 'अर्धा क्षण' हलक्यात घेऊ नका. पाय तयार नाही हे मेंदू सांगतोय. आधी ठरवून वळणं, मग समोरच्याने हात दाखवला त्या दिशेला अचानक वळणं, मग एकच बचावपटू, पकड न करता. सात जणींसमोर सगळ्यात शेवटी. उड्यांची चाचणी घरी करू नका, कुणी जाणकार शेजारी असू दे.

चढाई_पर्वती

सगळ्यांचे मनापासून आभार. डोडीबद्दल भावाला विचारलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, तुला घाबरवायचं नव्हतं.

काल मोजून आले. एका पायावर लांब उडी: उजव्यावर १ मीटर ५२ सेंटीमीटर, डाव्यावर १ मीटर १९. म्हणजे ७८ टक्के. टाच मागे ओढायचं तर विचारूच नका, फिजिओ मॅडमनी नुसती दोन बोटं लावली होती आणि माझा पाय थरथरत होता. पर्वती चढतेय म्हणून मी खूश होते, पण पायऱ्या चढताना जास्त काम उजवाच करत होता, हे मला कळलंच नव्हतं.

कोपरारक्षक दादा, तुमचं म्हणणं मनाला लागलं. नोकरी मलाही हवी आहे, घरी बाबांची रिक्षा आहे आणि धाकटी शिकतेय. पण दुसरं ऑपरेशन झालं तर ना खेळ राहील ना प्रमाणपत्र.

आज प्रशिक्षकांना तो आकडा लिहिलेला कागद दाखवला. ते चिडले नाहीत. कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "बाकीच्या पोरींचंही असं मोजून देतील का?" मी विचारून सांगते म्हटलं. फिजिओ मॅडम, रविवारी सकाळी बाकीच्या अकरा मुलींना घेऊन आले तर चालेल का? चाचणीच्या दिवशी मी जाणार आहे, गुणलेखनाला.

फिजिओ_सदाशिव_पेठ

या. सातला या, आठनंतर ऊन चढतं. बूट सगळ्यांनी आणायचे, आणि मोजपट्टी माझ्याकडे एकच आहे, तुमचीही घेऊन या.